ई-कोट: विजेने चढणाऱ्या रंगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो म्हटले की लोक घराच्या भिंतींबद्दल विचारतात. माझे बरेचसे दिवस मात्र एका करड्या पातळ द्रवाच्या बादल्यांत गेले, आणि त्यात पत्रे बुडवून वर काढण्यात. त्या द्रवाबद्दल नवे इंजिनिअर, विद्यार्थी आणि पार्ट कोट करून घेणारे लोक जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे.

ई-कोट म्हणजे नेमके काय? प्लेटिंगच ना?

दिसायला प्लेटिंगसारखेच. टाकी, द्रव, टांगलेला पार्ट, डीसी वीज. पण प्लेटिंगमध्ये पार्टवर धातू बसतो, इथे रेझिन (रंगाला बांधून धरणारा चिकट घटक) आणि रंगद्रव्य बसते, म्हणजे चक्क रंग. पावडर कोटिंगशीही याची गल्लत होते. तिथे कोरडी भुकटी हवेतून उडवतात, इथे सगळा खेळ पाण्यात चालतो. टाकीतल्या द्रवात घन भाग फक्त १० ते २० टक्के, उरलेले जवळजवळ सगळे शुद्ध केलेले पाणी. म्हणून तो हाताला रंगासारखा लागत नाही, पातळ केलेल्या दुधासारखा लागतो.

कारखान्यात याला बहुतेक जण 'सीईडी' म्हणतात, म्हणजे कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन. त्यातला 'सी' कॅथोडचा: पार्ट ऋण टोकाला जोडलेला असतो. गाड्यांचे सांगाडे, दुचाकींच्या फ्रेम, ब्रॅकेट, स्प्रिंग, फ्रिज-वॉशिंग मशीनचे पत्रे यांच्यावरचा सगळ्यात खालचा काळा किंवा करडा थर बहुतेक वेळा हाच असतो.

वीज लावल्यावर रंग धातूकडे का धावतो?

यासाठी रेझिनची थोडी ओळख हवी. आजच्या बहुतेक सीईडी रंगांत इपॉक्सी रेझिनला अमाइन जोडलेले असते. असे रेझिन पाण्यात मिसळत नाही. त्यात थोडे ॲसेटिक, लॅक्टिक किंवा फॉर्मिक आम्ल घातले की अमाइनवर धन प्रभार येतो आणि रेझिनचे बारीक कण, साधारण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात.

आता वीज सोडा. धन प्रभाराचे कण ऋण टोकाकडे सरकतात. प्रभारित कण विजेच्या ओढीने पाण्यातून चालतात हे रॉइस यांनी मॉस्कोत १८०७ साली मातीच्या कणांवर दाखवले होते. मात्र 'कण धातूला टेकला, प्रभार गेला, चिकटला' हे जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असते ते बरोबर नाही. कणाला धातूकडे नेण्याचे बरेचसे काम टाकीतले ढवळणेच करते. खरी घडामोड होते ती धातूला चिकटून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात. वीज तिथले पाणी फोडते. हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड मागे राहते. टाकीचा पीएच ६ च्या आसपास असतो, पण या पातळ थरात तो १२ पर्यंत चढतो. तिथे पोहोचलेल्या कणाचे आम्ल हे हायड्रॉक्साइड खाऊन टाकते, प्रभार जातो, आणि दूध नासावे तसे रेझिन नासून धातूवर जमते. पुढे वीजच त्या साक्यातले पाणी पिळून बाहेर काढते. त्यामुळे टाकीतून बाहेर आलेला थर ओला असूनही पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघत नाही. बोटाने दाबला तर किंचित चिकट, घट्ट मलईसारखा लागतो.

एवढे लक्षात ठेवा: रंग बसवते ते हायड्रॉक्साइड. पुढे गंजाच्या प्रश्नात ते परत भेटणार आहे.

थर ठरावीक जाडीवरच का थांबतो?

कारण बसलेला रंग वीज अडवतो. या तंत्राचे सगळे गुण आणि बहुतेक सगळे दोष या एका गोष्टीतून निघतात, असे माझे मत आहे.

प्रयोगशाळेत एका लिटरच्या भांड्यात पत्रा बुडवून २५० व्होल्ट लावले की ॲमीटरचा काटा झटकन वर उडतो आणि लगेच घसरायला लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याची उतरण डोळ्यांनी दिसते, मग तो रेंगाळतो, आणि दोन-तीन मिनिटांनी शून्याच्या जवळ जाऊन बसतो. वीज चालू आहे, पण प्रवाह जवळपास नाही. पत्र्यावर साधारण २० मायक्रॉनचा थर चढला आणि त्याने स्वतःच दार लावून घेतले. नवख्या माणसाला मी आधी हा काटा बघायला लावतो, पत्रा नंतर. काटा उतरलाच नाही, तर कुठेतरी थर फुटतो आहे किंवा रंगात मीठ शिरले आहे.

आता हाच पत्रा पोकळ पेटीचा असेल तर? सुरुवातीला सगळी वीज बाहेरच्या बाजूला जाते, कारण तो जवळचा रस्ता. बाहेर थर बसला, रस्ता बंद झाला की वीज नाइलाजाने आतल्या उघड्या धातूकडे वळते. फवाऱ्याची बंदूक जिथे कधीच पोहोचणार नाही, तिथे रंग आपणहून वाट काढत जातो. याला 'थ्रो पॉवर' म्हणतात. ती मोजायची एक छान पद्धत आहे. चार पत्रे २० मिलिमीटर अंतराने पेटीसारखे उभे करतात, पहिल्या तिघांना ८ मिलिमीटरचे एकेक भोक पाडतात, आणि त्या भोकांतून वाट काढत चौथ्या पत्र्यावर किती रंग पोहोचला ते पाहतात. सगळ्यात बाहेर २० मायक्रॉन असताना सगळ्यात आत १० मिळाले तर रंग चांगला म्हणायचा.

मग आतल्या कोपऱ्यात कधीकधी रंगच नसतो, ते कसे?

बहुतेक वेळा हवा अडकलेली असते. पार्ट उलट्या वाटीसारखा बुडवला तर आत हवेचा फुगा राहतो. जिथे द्रव नाही तिथे रंग नाही. डिझायनरने हवा जायला आणि रंग निथळायला भोके ठेवायला हवीत. ही भोके कागदावर असतानाच मागावी लागतात. पार्ट घडवायचा साचा, म्हणजे डाय, तयार झाल्यावर मागितली की भांडण होते.

एवढ्या व्होल्टेजला वीज भरपूर लागत असेल?

हिशेब करून बघू. एक चौरस मीटरवर २० मायक्रॉनचा थर म्हणजे २० घन सेंटिमीटर, वजन सुमारे २६ ग्रॅम. एका कूलॉम (विद्युत प्रभाराचे एकक) विजेत साधारण ३० मिलिग्रॅम रंग बसतो असे धरा. म्हणजे सुमारे ८७० कूलॉम लागले. २५० व्होल्टने गुणले की २ लाख १७ हजार ज्यूल, म्हणजे ०.०६ युनिट. रंग बसवायला वीज फारशी लागतच नाही. खरे बिल येते भट्टीचे आणि पंपांचे.

चांदीच्या प्लेटिंगमध्ये एका कूलॉमला फक्त १.११८ मिलिग्रॅम चांदी बसते. तिथे प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोजून द्यावा लागतो. इथे एका प्रभारामागे रेझिनचा भलामोठा गोळा आणि त्याच्या पाठीवर रंगद्रव्य, असे सगळे बिऱ्हाड ओढले जाते.

याच ८७० कूलॉममधून हायड्रोजन किती निघतो तेही काढून पाहा: सुमारे ११० मिलिलिटर. म्हणजे रंगाचे आकारमान २० मिलिलिटर आणि त्यातून वाट काढून बाहेर पडणारा वायू त्याच्या पाचपट! हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी दोनदा तपासला होता. ताजा थर सूक्ष्म छिद्रांनी भरलेला का असतो, आणि भट्टीत तो वितळून एकजीव होणे इतके महत्त्वाचे का, हे यावरून कळते.

व्होल्टेज वाढवले तर काम लवकर होईल ना?

थोडे होईल, मग एकदम बिघडेल. एका मर्यादेपलीकडे थराच्या आत उष्णता आणि वायू इतके साठतात की थर फुटतो, ठिणग्या पडतात आणि तिथे फुगीर, खरबरीत डाग राहतो. त्या मर्यादेला रप्चर व्होल्टेज म्हणतात. ती रंगागणिक, तापमानागणिक आणि पत्र्यागणिक बदलते. जस्त चढवलेल्या काही पत्र्यांवर, विशेषतः जस्त-लोह मिश्रधातूचा थर असलेल्यांवर, ती साध्या पोलादापेक्षा बरीच खाली असते. साध्या पत्र्यावर ३०० व्होल्टला गुळगुळीत येणारा रंग अशा पत्र्यावर टाचणीने टोचल्यासारखा येऊ शकतो.

म्हणून व्होल्टेज एकदम देत नाहीत. आधी कमी, मग चढवत नेतात. नेहमीचे काम १५० ते ४०० व्होल्टच्या दरम्यान, द्रवाचे तापमान २८ ते ३५ अंश सेल्सिअस आणि वेळ दोन ते तीन मिनिटे.

पूर्वी पार्ट धन टोकाला जोडायचे म्हणे. ते का सोडले?

फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या गटाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र गाड्यांसाठी उभे केले. १९६१ मध्ये चाके आणि १९६३ मध्ये पूर्ण सांगाडे असा त्याचा प्रवास झाला. तो रंग ॲनोडिक होता: रेझिनवर ऋण प्रभार, पार्ट धन टोकाला. अडचण अशी की धन टोकाला पोलाद स्वतःच थोडे विरघळते. लोहाचे आयन रंगात अडकतात, फिका रंग डागाळतो, आणि रंगाआधी पत्र्यावर चढवलेला फॉस्फेटचा थरही दुखावतो. गंज थांबवायला लावलेला रंग लावतानाच थोडे लोखंड खातो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

१९७० च्या दशकात पीपीजी कंपनीने कॅथोडिक रंग आणले, आधी घरगुती उपकरणांसाठी आणि १९७६ मध्ये गाड्यांसाठी. त्यानंतर गाड्यांच्या कारखान्यांनी पटापट टोके बदलली. ॲनोडिक रंग मेलेले नाहीत. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवरचा पारदर्शक ॲक्रिलिक थर असाच बसवतात.

टाकीतला रंग कधी बदलतात?

बदलतच नाहीत. जितका रंग पार्टवर गेला तितका नवा घालायचा, वर्षानुवर्षे. त्यामुळे टाकी सांभाळणे हे विरजण सांभाळण्यासारखे असते. ती कधी थांबवायचीही नसते. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असला तरी पंप फिरत राहतात, नाहीतर रंगद्रव्य तळाशी बसते.

दोन गोष्टींवर रोज लक्ष लागते. पहिली आम्ल. रेझिन पार्टवर गेले तरी आम्ल टाकीतच राहते आणि साठत जाते. म्हणून धन टोकाच्या पत्र्यांभोवती निवडक पडद्याच्या, म्हणजे आम्ल जाऊ देणाऱ्या पण रंग अडवणाऱ्या पडद्याच्या, पेट्या बसवतात. आम्ल त्या पडद्यातून आत ओढले जाते आणि ॲनोलाइट नावाच्या पाण्याबरोबर बाहेर काढता येते. पडदा फाटला की पीएच गडबडतो आणि सगळे आधी रंगवाल्यावर ओरडतात.

दुसरी गोष्ट अल्ट्राफिल्ट्रेशन. पार्टबरोबर टाकीतून न बसलेला रंग मलईसारखा चिकटून येतो. तो साध्या पाण्याने धुतला तर रंग गटारात जाईल. त्याऐवजी टाकीतलाच द्रव अतिसूक्ष्म पडद्यातून गाळतात. रेझिन मागे राहते, पाणी आणि क्षार पुढे येतात. त्याच पाण्याने पार्ट धुतात आणि धुवण टप्प्याटप्प्याने परत टाकीत सोडतात. यामुळे ९५ टक्क्यांहून जास्त रंग कामी येतो. फवाऱ्याने रंग मारणाऱ्यांना हा आकडा ऐकून हेवा वाटतो.

आमचा पार्ट स्वच्छच असतो. प्री-ट्रीटमेंट कशाला?

'स्वच्छ' कोणाच्या मते? पत्र्यावर तेल असते, वेल्डिंगची काजळी असते, हाताचा घाम असतो. ते काढून मग जस्ताच्या फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात, चौरस मीटरला साधारण दोन-तीन ग्रॅम. रंगाला पकड मिळते ती या स्फटिकांत. हल्ली झिर्कोनियमचे त्याहून कितीतरी पातळ थरही वापरतात.

शेवटचे विसळणे शुद्ध पाण्याचेच हवे. नळाच्या पाण्यातले क्षार पार्टवर वाळले की रंगाखाली अडकतात आणि पुढे ओल शोषून फोड आणतात. अशा वेळी कुठेतरी पाणी मुरते आहे हे शब्दशः खरे असते. गंजाची तक्रार घेऊन आलेल्या पार्टवर मी आधी रंग तपासत नाही, त्याच्या खालचे फॉस्फेट पाहतो. बहुतेक वेळा नाचता येईना अंगण वाकडे, हाच प्रकार निघतो.

भट्टीत किती वेळ ठेवायचे?

बहुतेक इपॉक्सी सीईडी रंगांना १६० ते १८० अंशांवर २० मिनिटे लागतात. हे तापमान धातूचे. भट्टीच्या हवेचे नव्हे. पातळ पत्रा पाच-सहा मिनिटांत तापतो, जाड ओतीव पार्टला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दोघे एकाच हँगरवर एकाच वेगाने गेले तर एक भाजला जातो आणि दुसरा कच्चा राहतो.

आत काय घडते? रंगात आयसोसायनेट नावाचा जोडणारा घटक असतो, पण त्याच्या तोंडाला जणू बूच लावलेले असते, म्हणून तो टाकीतल्या पाण्यात शांत राहतो. उष्णतेने बूच निघते, तो रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतो आणि जाळे तयार होते. तापमान कमी पडले तर बूच निघतच नाही. असा थर दिसायला छान वाळलेला, चमकदारसुद्धा असतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एमईके या द्रावकात भिजवलेला कापूस थरावर घासून बघा. कापसाला रंग लागला तर पार्ट कच्चा आहे. जास्त भाजलेला थर ठिसूळ होतो आणि त्यावरचा पुढचा रंग नीट धरत नाही.

गंजापासून किती संरक्षण मिळते?

चांगल्या फॉस्फेटवरचा २० मायक्रॉनचा थर मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत १००० तास सहज काढतो. या चाचणीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडतात. थरावर धातूपर्यंत एक चरा मुद्दाम पाडलेला असतो आणि चऱ्याच्या कडेने रंग किती मिलिमीटर उचलला गेला ते मोजतात. दोनच्या आत असेल तर मी खूश असतो.

'१००० तास म्हणजे किती वर्षे?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. याचे उत्तर कोणी छातीठोक देत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. खरी गाडी भिजते, वाळते, तापते, गारठते. सततचे धुके तसे नसते. ही चाचणी आजचा माल कालच्यासारखा आहे का एवढे सांगते. आयुष्याचा अंदाज हवा असेल तर ओले-कोरडे फेरे असलेल्या चाचण्या जास्त प्रामाणिक.

चऱ्याजवळ थर उचलतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. उघड्या धातूवर लोखंड विरघळते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारी थराखाली जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन मिळून हायड्रॉक्साइड बनते. पीएच पुन्हा चढतो. ज्या हायड्रॉक्साइडने टाकीत रंग बसवला, तेच आता खालून त्याची पकड सोडवते आणि फॉस्फेटही विरघळवते. अल्कलीत टिकणारे रेझिन आणि लोहमिश्रित फॉस्फेट यांवर रंग बनवणारे इतका जीव का टाकतात, ते यामुळे.

पत्र्याच्या कडेलाच आधी गंज का येतो?

टाकीतून निघताना कडेवर थर पुरेसा असतो. भट्टीत तो वितळतो, आणि वितळलेला द्रव धारदार कडेवरून पृष्ठताणामुळे मागे सरकतो. कटिंगमुळे कडेला उरलेली धातूची बारीक धार, म्हणजे बर, राहिली असेल तर ती थरातून बाहेरच डोकावते. यासाठी कमी वाहणारे खास रंग मिळतात, पण त्यांचा पृष्ठभाग थोडा खरबरीत येतो. मला विचाराल तर आधी कडेची बर घासून काढा.

उन्हात चालेल का?

एकटा नाही. इपॉक्सीला अतिनील किरण सोसत नाहीत. काही महिन्यांत चमक जाते आणि बोट फिरवले की खडूसारखी पूड लागते. त्यावर टॉपकोट हवाच. ॲक्रिलिक सीईडी रंग ऊन बरेच सोसतात, पण गंजरोधात इपॉक्सीच्या मागे पडतात.

हवा तो रंग मिळेल का?

एका टाकीत एकच. ती टाकी कित्येक हजार लिटरची असते. काळा किंवा करडा घ्या आणि पुढे चला.

थरावर बारीक खड्डे पडतात. दोष कोणाचा?

गोल, मध्ये खोल आणि कडेला उंचवटा असलेला खड्डा म्हणजे बहुतेक तेल किंवा सिलिकॉन. एकदा आमच्या चाचणीच्या पत्र्यांवर असे खड्डे यायला लागले. तीन दिवस आम्ही टाकीला दोष देत होतो, गाळण्या बदलल्या, रंग तपासला. चौथ्या दिवशी एक पत्रा खिडकीपाशी तिरका धरला तर खड्ड्यांचे चार पुंजके एका ओळीत आणि पाचवा पलीकडच्या कडेला दिसला. तो हाताचा पंजा होता. धुतलेला पत्रा कोणीतरी हातमोजे न घालता उचलला होता, आणि हाताला कोरड्या त्वचेसाठीचे क्रीम होते. तेव्हापासून खड्डे मोजण्याआधी मी त्यांची मांडणी बघतो. ओळीत असतील तर कन्व्हेयरच्या साखळीचे तेल, फक्त आडव्या भागावर असतील तर वरून पडलेले काही, सगळीकडे विखुरलेले असतील तरच टाकी.

आडव्या पृष्ठभागावर खरबरीतपणा आणि उभ्यावर गुळगुळीत, असे असेल तर तेल नव्हे, टाकीतली घाण खाली बसते आहे. जोडांच्या फटीतून ओघळ आणि फोड आले असतील तर फटीत राहिलेले पाणी भट्टीत उकळले आहे.

थर कमी बसला तर पार्ट परत टाकीत घालता येतो का?

भट्टीत जाण्याआधी लक्षात आले आणि थर ओलाच असेल तर कधीकधी जमते. भाजल्यानंतर नाही. तो थर आता पक्का विद्युतरोधक आहे. टाकीत घातला तर ॲमीटरचा काटा जागचा हलणार नाही, फक्त हँगरच्या टोकाशी किंवा जिथे धातू उघडा आहे तिथे थोडा रंग जमेल. मग घासून त्यावर फवाऱ्याने प्रायमर मारा, किंवा सगळा थर काढून पुन्हा पहिल्या टाकीपासून सुरुवात करा. हँगरवरही प्रत्येक फेरीत रंग चढतोच. तो वेळेवर जाळून किंवा खरवडून काढला नाही, तर पुढच्या पार्टपर्यंत वीजच पोहोचत नाही, आणि पार्ट जसा आत गेला तसाच कोरा बाहेर येतो.